दुपारी अडीचचा चंद्र

"साहेब, तुमच्या विमानानं मले फसवलं."

हिवरा आश्रमाकडचे एक मास्तर माझ्या दुकानात उभे राहून हे सांगत होते. दुबईला मुलाकडे महिनाभर राहून नुकतेच परत आले होते. खुर्ची दिली तरी बसेनात. हातात जपून ठेवलेलं तिकीट, दोन्ही बाजूंना पेनाने केलेल्या खुणा.

"जातानी मुंबईहून दहाले निंघालं, साडेअकराले दुबई. दीड घंटा. येतानी एकले निंघालं, मुंबईले पोचलं साडेपाचले. साडेचार घंटे. पैसे दोन्हीकडचे सारखेच घेतले तुम्ही. येतानी काय चढ लागते काय?"

तीस वर्षं मी खामगावात विमानाची तिकिटं विकली. कापसाच्या बाजारापासून चार दुकानं पलीकडे माझं दुकान. आमच्या जिल्ह्यात विमानतळ नाही. आकाशात विमान दिसलं की लोक अजूनही मान वर करून बघतात. अशा ठिकाणी विमानाची तिकिटं विकायला बसणं म्हणजे वाळवंटात होडी विकण्यातला प्रकार, असं माझे सासरे म्हणत. पण होड्या खपल्या. पोरं शिकली, दूर गेली, आणि त्यांच्या मागे आई-बाप जायला लागले. आता तीच पोरं मोबाईलवर परस्पर तिकीट काढतात, म्हणून मी दुकान बंद करून दिवाळी अंकवाल्यांनी सांगितलेले लेख लिहीत बसलोय.

तर मास्तरांचा चढ. या धंद्यात शिकण्यासारखी एकच गोष्ट आहे, ती बाहेरच्यांसाठी सांगून टाकतो. तिकिटावर निघायची वेळ निघायच्या गावची असते आणि पोचायची वेळ पोचायच्या गावची. या दोन घड्याळांची वजाबाकी करायची नसते. दुबईचं घड्याळ आपल्या दीड तास मागे आहे. विमान जाताना तीन तास उडतं, येतानाही तीनच तास उडतं. जाताना घड्याळ तुमचे दीड तास माफ करतं, येताना वसूल करतं. मास्तरांना मी हे पाऊण तास समजावून सांगितलं. शेवटी ते म्हणाले, "हाव, समजलं. पण चढ नसंन तं हवा आडवी लागत असंन." हवेचं मात्र त्यांचं अर्धं बरोबर होतं, ती आडवी लागते ती जाताना, आणि ते मी त्यांना मुद्दाम सांगितलं नाही, कारण जेवायची वेळ झाली होती.

लोक दोनच प्रश्न विचारत. किती लांब आहे आणि किती घंटे लागतात. त्यासाठी मी टेबलावर एक पृथ्वीचा गोल ठेवला होता आणि त्याला सुतळीएवढा जाड, लाल दोरा बांधला होता. भिंतीवरचा नकाशा सपाट असतो, तो खोटं बोलतो. गोलावर दोन गावांमध्ये दोरा ताणून धरला की तो स्वतःच जवळची वाट दाखवतो. दिल्लीहून अमेरिकेच्या पश्चिम टोकाला, सॅन फ्रान्सिस्कोला दोरा ताणला की तो थेट वर, उत्तर ध्रुवाच्या अंगाने जातो. लोक चकित होत. "वरून काऊन जाते बे? खालून रस्ता नाही काय?" मग मी दोरा ढिला करून खालून नेऊन दाखवत असे आणि तो किती कमी पडतो तेही दाखवत असे. या गोलाचा मला फार गर्व होता. स्वतः मी आजवर विमानात बसलेलो नाही, हे इथेच कबूल करतो. आधी दुकान सोडवत नव्हतं, मग बायकोचे गुडघे. आता विचारणारंच कोणी नाही.

शेजारी हमीदभाईंचं दुकान होतं. ते मक्केला उमऱ्याच्या यात्रा काढत. आमच्या दोघांच्या दुकानांमध्ये एक बाक होता, त्यावर दोघांचीही गिऱ्हाइकं बसत, आणि कोणाचं कोणाकडे जाईल याचा भरवसा नसे. हमीदभाई माझ्या गोलाला हसत. ते म्हणत, "आपने तो दुनिया को गाय के जैसा दोरे से बांध के रखा." त्यांची मराठी वऱ्हाडी, हिंदी वऱ्हाडी आणि उर्दू फक्त पावतीपुस्तकावर.

आता ज्या प्रकरणासाठी हा लेख लिहितोय, ते.

संग्रामपूर तालुक्यातल्या एका गावचे गुलाबराव आणि त्यांची बायको सुभद्राबाई पौष महिन्यातल्या एका मंगळवारी माझ्याकडे आले. गुलाबराव शांत माणूस, बोलण्याआधी बायकोकडे बघणारा. सुभद्राबाई साठीतल्या, ठेंगण्या, डोळे असे की समोरच्याने आपोआप खरं बोलावं. त्यांची एकुलती एक मुलगी वैशाली सॅन फ्रान्सिस्कोला. दोनदा दिवस राहून गर्भ पडला होता. आता तिसऱ्यांदा नऊ महिने भरत आले होते आणि तिथल्या डॉक्टरने शुक्रवारी सकाळी सिझर करायचं ठरवलं होतं. सुभद्राबाईंचा व्हिसा लांबत लांबत गेला आणि अखेर त्या मंगळवारी सकाळी पासपोर्ट हातात पडला. म्हणजे बुधवार आणि गुरुवार एवढेच दिवस. शुक्रवारी सकाळच्या आत लेकीजवळ पोचायचं.

"पोचवतो," मी म्हणालो. असं म्हणायला मला फार आवडायचं.

"थांबा भाऊ," सुभद्राबाई म्हणाल्या. "गुरुवारी संकष्टी हाय."

मी म्हटलं, विमानात साबुदाण्याची सोय नाही, पण फळं देतात.

"मी फळं खात नाही. काहीच खात नाही. पानी न् काळा चहा. चंद्र पाहून सोडतो."

मग कळलं ते असं. पोरीचं दुसरं मूल गेलं तेव्हा या बाईंनी एकवीस संकष्ट्यांचा नवस बोलला होता. महिन्याला एक, म्हणजे पावणेदोन वर्षं. वीस झाल्या होत्या. एकविसावी या गुरुवारी. एक जरी मोडली तर पुन्हा एकपासून मोजायचं. आणि शुक्रवारी सिझर. त्यात बाईंना साखर. त्यांच्या डॉक्टरने निक्षून सांगितलं होतं की चंद्रोदयापर्यंतचा उपास एक वेळ ठीक, त्याच्या पुढे तासभरही ताणलात तर चक्कर येऊन पडाल.

मी देवाधर्माचा माणूस नाही. गणपतीला काळजी असलीच तर ती पोरीची असेल, तिच्या आईच्या पोटात काय आहे याची नसेल, असं माझं मत. मी तसं बोललोही. सुभद्राबाई म्हणाल्या, "तुमचं मत नाही विचारलं भाऊ. चंद्र किती वाजता निंघन ते विचारलं."

मी संगणकात बघितलं. मुंबईहून गुरुवारी सकाळी सातचं विमान, युरोपात बदलायचं, आणि गुरुवारीच संध्याकाळी सहाला सॅन फ्रान्सिस्को. तिथे चंद्रोदय रात्री नऊच्या सुमाराला. मी हात चोळले.

"काम फत्ते. सकाळी सातला निघाल, संध्याकाळी सहाला लेकीच्या गावी. नऊला चंद्र. लेकीच्या हातचं जेवून उपास सोडा. इथल्यासारखंच."

सुभद्राबाईंच्या डोळ्यांत पहिल्यांदा जरा ओलावा दिसला. तिकीट काढलं. ते दोघं बाकावर बसले, मी चहा मागवला. गुलाबराव एकटेच घेत होते, सुभद्राबाई बशी धरून बसल्या होत्या.

हमीदभाई बाहेर आले, तिकीट हातात घेऊन वाचायला लागले. दुसऱ्याची तिकिटं वाचायची त्यांना सवय होती. त्यांनी विचारलं, "ये रोजा है क्या?"

"उपास हाय," गुलाबराव म्हणाले.

"तो इफ्तार कितने बजे?"

"रात्री नऊले," मी आतून ओरडलो.

हमीदभाई माझ्या दुकानात आले आणि दार लोटून घेतलं. तो माणूस ओरडायचा असला की दार उघडं ठेवून ओरडायचा. दार लावलं म्हणजे काहीतरी गंभीर.

"भाऊ, मागच्या रमजानमध्ये मी एका बुढ्याले लंडनले पाठवलं होतं भतिज्याकडे. दुपारचं विमान. तो पश्चिमेकडे, सूरजबी पश्चिमेकडे. दोघं शर्यत लावल्यासारखे. संध्याकाळ व्हायलेच तयार नाही. बिचाऱ्यानं घड्याळ पाह्यलं, इकडचे आठ वाजले, खिडकीत ऊन. मले येऊन सांगतलं की हमीद, सूरजनं मह्यासंग दुश्मनी केली. मुसाफिराले रोजा माफ हाय, पण त्यो ऐकते थोडी? आता तुम्ही सांगा. बाई सकाळी चारले उठून उपास धरन. तिकडचे रात्रीचे नऊ म्हणजे आपल्याकडचे किती?"

मी बोटं मोजली. तिथलं घड्याळ आपल्या साडेतेरा तास मागे. तिथले गुरुवारचे रात्रीचे नऊ म्हणजे आपले शुक्रवारचे सकाळचे साडेदहा. पहाटे चारपासून दुसऱ्या दिवशी साडेदहा. साडेतीस तास.

तीस वर्षं मी ज्या वजाबाकीबद्दल मास्तरांपासून मारवाड्यापर्यंत सगळ्यांना हसलो, तीच मी स्वतः करून बसलो होतो. सातला निघाल, सहाला पोचाल. अकरा तास. काचेपलीकडे सुभद्राबाई बाकावर बसून बशीकडे बघत होत्या. साखर असलेली बाई साडेतीस तास उपाशी, परक्या विमानतळावर, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या लेकीचं सिझर. आजही ते आठवलं की कानशिलं गरम होतात.

मी बाहेर जाऊन त्यांना खरं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मग नवऱ्याला म्हणाल्या, "पाहा. हे हुशार."

त्यानंतरचा तास मी गोलासमोर बसून होतो. पश्चिमेला गेलं की चंद्रोदय पुढे पळतो. मग उलट, पूर्वेला गेलं तर? दिल्लीहून पहाटे चारला एक विमान सॅन फ्रान्सिस्कोला सरळ जातं, आणि ते हिवाळ्यात पूर्वेकडून, जपानवरून आणि मोठ्या समुद्रावरून जातं. दोऱ्याने मोजलं तर ध्रुवाची वाट साडेबारा हजार किलोमीटरच्या आत, आणि ही समुद्राची पंधरा हजार. पण त्या उंचीवर वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे इतक्या जोरात वाहतो की लांबची वाट वेळेत परवडते. साडेपंधरा तास. मास्तरांची आडवी हवा ती हीच, इथे ती पाठीमागून लागते.

गंमत पुढे आहे. ते विमान गुरुवारी पहाटे चारला दिल्ली सोडतं आणि गुरुवारीच सकाळी सहाला तिकडे उतरतं, कारण मधल्या समुद्रात तारीख बदलायची रेघ आहे, ती ओलांडली की गुरुवार पुन्हा पहिल्यापासून मिळतो. गुलाबरावांनी लगेच बोटं मोजली. "चारले उडते, सहाले उतरते. दोन घंटे. अकोल्याले जायाले लागते तेवढेच." मला हसायचा अधिकार उरला नव्हता.

पूर्वेला जाताना दिवस भरभर संपतो. हिशेब केला तर समुद्राच्या मध्यावर, विमान उडाल्यापासून साधारण साडेदहा तासांनी बाहेर रात्र असेल आणि चंद्र उगवेल. खामगावच्या घड्याळात तेव्हा दुपारचे अडीच.

मी विजयी मुद्रेने सांगितलं. "मावशी, तुमचा चंद्र दुपारी अडीचला."

मला वाटलं होतं त्या आनंदतील. त्यांचा चेहरा पडला.

"दुपारी अडीचले? दहा घंट्याचा उपास? वीस उपास मी पुरे धरले, न् शेवटचा असा अर्धवट धरू? देवाले काय वाटंन? घाई होती म्हनून चंद्र लवकर बोलावला?"

"मावशी, चंद्र मी नाही बोलावला. विमान लवकर जातंय."

"तेच तं. मी चंद्राकडे पळून जाऊन राह्यली. त्यानं माह्याकडे याले पायजे."

हमीदभाई बाकावरून म्हणाले, "बाई, इरादा साफ पायजे. बाकी उपरवाला समजून घेते." त्यांनी आणखी एक गोष्ट केली, ती मला सुचली नसती. वैशालीला फोन लावून दिला. लेक काय बोलली ते आम्हाला ऐकू आलं नाही. सुभद्राबाई नुसत्या हूं हूं करत होत्या. फोन ठेवून म्हणाल्या, "बरं. पूर्वेकडून जातो. पण चंद्र माह्या डोयानं पाहीन तवाच सोडीन. कोनी सांगून नाही."

तिकीट बदललं. खिडकीची जागा मागितली. कोणत्या बाजूची यावर मी गोल फिरवून, दोरा ताणून खूप विचार केला, आणि डावी दिली. पूर्ण आत्मविश्वासाने दिली.

बुधवारी सकाळी गुलाबराव त्यांना गाडीने नागपूरला घेऊन गेले. सहा तास. अमेरिकेपर्यंतच्या वाटेतला सगळ्यात कंटाळवाणा भाग खामगाव ते नागपूर हाच असतो, आणि त्याची कुठल्याच तिकिटावर नोंद नसते. नागपूरहून संध्याकाळी दिल्ली, दिल्लीहून पहाटे चारला पुढे.

गुरुवारी दुपारी गुलाबराव परतीच्या वाटेवर माझ्या दुकानात येऊन बसले. त्यांच्या गावात मोबाईलला कधी आवाज येतो, कधी येत नाही. अडीच वाजले. मी घड्याळ बघून म्हणालो, "सुटला." पेढे आणवले. हमीदभाईंनीही एक घेतला. गुलाबरावांनी हातात धरून ठेवला, खाल्ला नाही.

संध्याकाळी साडेसातला फोन वाजला. विमान उतरलं होतं. पलीकडून सुभद्राबाईंचा आवाज, बारीक आणि थकलेला.

"नाही सुटला."

विमानात काय झालं ते त्यांनी आम्हाला तेव्हा तुकड्या-तुकड्याने सांगितलं, आणि परत आल्यावर पूर्ण. बाहेर अंधार पडल्यावर विमानातल्या लोकांनी सगळ्या खिडक्या बटणाने काळ्या केल्या, सगळे झोपावेत म्हणून. यांनी ते बटण दाबून दाबून बोट दुखवलं. मग हवाई सुंदरीला बोलावलं. ती मुलगी आपल्याकडचीच, चांगली निघाली. तिने खिडकी उजळून दिली. चंद्र नाही. उजव्या बाजूला नेलं, एका झोपलेल्या सरदारजींच्या अंगावरून वाकून बघायला लावलं. तिथेही नाही. ती पुढे जाऊन पायलटला विचारून आली आणि म्हणाली, "माताजी, कॅप्टनसाहब को दिख रहा है. एकदम सामने."

इथे माझ्या आत्मविश्वासाचं काय झालं ते वाचकांनी समजून घ्यावं. विमान पूर्वेला चाललंय आणि चंद्र पूर्वेला उगवतोय. म्हणजे तो डावीकडेही नाही आणि उजवीकडेही नाही, नाकासमोर आहे. आणि विमानात नाकासमोरचं बघायची सोय फक्त चालवणाऱ्याला असते. हे बैलगाडीत बसलेल्या कोणालाही कळलं असतं. मला गोल आणि दोरा असून कळलं नाही. पुढे चंद्र वर चढला तो छपराच्या वर गेला, आणि सगळ्यांनी पट्टे बांधून बसायचा दिवा लागला.

मुलीने समजूत घातली की माताजी, कॅप्टनसाहेबांनी पाहिला म्हणजे झालं. त्यावर सुभद्राबाई म्हणाल्या, "त्यानं पाह्यला तं त्याचा उपास सुटला. माहा कसा सुटंन?" आणि तिच्या हातातलं ताट परत करून चादर ओढून बसल्या.

आता त्या पासपोर्ट तपासायच्या रांगेत उभ्या होत्या. बाहेर वैशाली नवऱ्याबरोबर गाडी घेऊन वाट पाहत होती, उद्या सिझर असलेली बाई. सुभद्राबाईंनी फोनवरच ठरवून टाकलं होतं, "आता इथलाच चंद्र पाहीन. रात्री नऊले." म्हणजे आणखी पंधरा तास. म्हणजे मी जे टाळायला एवढा उपद्व्याप केला, तेच, फक्त उलट्या वाटेने.

गुलाबरावांनी फोन घेतला. मंगळवारपासून त्या माणसाचा आवाज मी पहिल्यांदा चढलेला ऐकला. "सुभद्रा, काहीतरी खा वो. तू पडली तं पोरीनं काय कराव?" फोन बंद झाला. गुलाबरावांनी तो मांडीवर ठेवला आणि दोन्ही हातांनी झाकला. मला स्वतःची फार लाज वाटली. वऱ्हाडात बसून मी लोकांना जगाच्या टोकाला पाठवत होतो, आणि एका बाईचा एक उपास मला सांभाळता आला नाही.

दुकानात बसवेना. आम्ही तिघं माझ्या दुकानाच्या गच्चीवर गेलो. थंडी होती. खाली रस्त्यावर कोणीतरी कापसाच्या ट्रकला दोर आवळत होतं. समोर कापसाच्या जिनिंग कारखान्याची पत्र्यांची लांब छपरं. नऊ वाजत आले तेव्हा त्या पत्र्यांच्या मागे आभाळ जरा पिवळं झालं.

"निंघून राह्यला," गुलाबराव म्हणाले.

चंद्र वर आला. एका बाजूने खाल्लेला, मोठा, तांबूस. गल्लीतल्या गच्च्यांवर बायका पाण्याचे तांबे घेऊन वर येऊ लागल्या. तेवढ्यात गुलाबरावांचा फोन वाजला. या वेळी व्हिडिओ. सुभद्राबाई गाडीतळावर उभ्या होत्या, अंगावर जावयाचं जाडजूड जाकीट, गुडघ्यापर्यंत. मागे वैशाली, दोन्ही हात पोटावर. तिथे नुकतंच उजाडलं होतं.

"भाऊले द्या," सुभद्राबाई म्हणाल्या. मी फोन घेतला. त्यांनी त्यांचा फोन वर फिरवला. फिकट निळं आभाळ, त्यात पश्चिमेला, गाड्यांच्या रांगांच्या वर, पांढुरका, एका बाजूने खाल्लेला चंद्र.

"भाऊ, हा कोनता चंद्र हाय? कालचा का आजचा? इथं तं सकाळ हाय. हा उगवून राह्यला का बुडून राह्यला?"

तीस वर्षं मी लोकांच्या असल्या प्रश्नांची उत्तरं देत आलो होतो. आता खाली पळत जाऊन गोल आणावा की काय, असं वाटून गेलं. हमीदभाईंनी माझ्या हातातला फोन काढून घेतला आणि समोर धरला, जिनिंगच्या पत्र्यांकडे, म्हणजे सुभद्राबाईंना आमचा चंद्र दिसावा म्हणून.

सुभद्राबाईंचा चेहरा फोनच्या अगदी जवळ आला.

"हा आपला?"

"आपला," गुलाबराव म्हणाले. "आताच निंघाला. नऊ वाजले."

"खामगावात?"

"हाव. खामगावात, न् तिकडं आपल्या गावातबी."

सुभद्राबाईंनी एकदा फोनमध्ये पाहिलं, एकदा वर पाहिलं. पुन्हा फोनमध्ये, पुन्हा वर. मग वैशालीला म्हणाल्या, "पान्याची बाटली दे." गाडीतळाच्या डांबरावर त्यांनी चंद्राला पाणी सोडलं. जाकिटाच्या खिशातून डबी काढली, तिळाच्या लाडवाचा चिमूटभर तुकडा तोंडात टाकला, आणि बाकीचा लाडू वैशालीच्या हातावर ठेवला. मग भाकरीची पुरचुंडी उघडून गाडीच्या टपावर ठेवली आणि उभ्या उभ्या जेवायला लागल्या.

मी मनात हिशेब केला, सवयच ती. पहाटे चारपासून रात्री नऊ. सतरा तास. गावच्या घरी धरला असता तेवढाच. डॉक्टरने परवानगी दिली होती तेवढाच. माझ्या सगळ्या विमानांनी, दोऱ्याने आणि खिडकीने त्यात एका मिनिटाचाही फरक पडला नव्हता.

गुलाबराव खाली बसले होते, गच्चीच्या कठड्याला पाठ टेकून. दुपारपासून हातात असलेला, आता पार मऊ झालेला पेढा त्यांनी तोंडात टाकला. मी तोंड पलीकडे केलं. देव न मानणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलेलं शेजारच्या गच्चीवरच्या बायकांनी बघू नये म्हणून.

शनिवारी सकाळी गुलाबराव पुन्हा आले. मुलगी झाली होती. दोघी सुखरूप. त्यांनी आधी हमीदभाईंना साखर दिली, मग मला. चुकीची बाजू दिल्याचा तो दंड असावा. मग खिशातून एक कागद काढला, टेबलावर ठेवला आणि जरा घुटमळले.

"भाऊ, पोरीची पत्रिका काढाची हाय. महाराज म्हनतात जन्मवेळ द्या. तिकडं शुक्रवारची सकाळ होती, इकडं रात्र. आता पत्रिकेत वेळ इकडची लिहाची का तिकडची?"

हमीदभाई बाकावरून माझ्याकडे बघत होते. गोल माझ्या समोर होता, दोरा त्याच्याभोवती गुंडाळलेला. मी तो गोल उचलला आणि खाली, टेबलाच्या खणात ठेवला.

"तुमच्या बायकोला विचारा," मी म्हणालो.